कुळागर तुझं, तर मग मुंडकाराचं घर कोणाचं?

पत्र (थोडं कापून देतेय; मुंडकार म्हणजे भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, भाटात किंवा बागायतीत त्याच्या संमतीने घर करून राहणारा):

"मावशी, नमस्कार. मी फोंडा तालुक्यातला, वय ३८. बाबा जाऊन दोन वर्षं झाली. आमचं कुळागर आहे, सुपारी, माड, मिरी, थोडी केळी. दादा पुण्यात आयटीत आहे, ताई लग्न होऊन बेळगावला. गेली अकरा वर्षं नोकरी सोडून कुळागर मीच बघतोय. पंप बसवला, जुन्या पोफळी काढून नवीन लावल्या, कोळेरोग आला त्या वर्षी रात्र रात्र झोप नव्हती. आता दादा म्हणतो तीन सारखे भाग करूया. ताई म्हणते मला काय नको, मी सही करून देते. मी हल्ली रात्री यूट्यूबवर पॉलिटिकल फिलॉसॉफीची लेक्चर्स ऐकतो. त्यात जॉन लॉक म्हणतो की माणूस ज्या जमिनीत आपले कष्ट मिसळतो ती त्याची होते. मला हे शंभर टक्के पटलं. दादाला लिंक पाठवली तर त्याने नुसता हसायचा इमोजी टाकला. तत्त्वज्ञानाच्या हिशेबाने बरोबर कोण? आई माझ्याकडेच असते.
ता. क. – दुसरी एक कटकट आहे. आमच्या भाटात वरच्या बाजूला आजोबांच्या वेळेपासून एक मुंडकार आहे. आता त्याचा मुलगा घराखालची जमीन विकत घ्यायला मामलेदाराकडे अर्ज घालणार म्हणे. आधीच आजोबांची शेतं कुळकायद्यात फुकटात गेली. ह्याला कसं थोपवायचं?"

अरे पुता,

पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं नेहमीचं वाटणीचं पत्र, अशी माझ्याकडे सारखी येतात, फक्त ह्यात जॉन लॉक आहे म्हणून जरा मजा वाटली. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा लक्षात आलं की खरं पत्र तुझ्या ताजा कलमात आहे आणि वरचं सगळं त्याची प्रस्तावना. आणि मधेच तू तीन शब्दांचं एक वाक्य टाकलंयस, "आई माझ्याकडेच असते", जणू ती फ्रीजसारखी कुठेतरी ठेवलेली वस्तू आहे. त्याच्याकडे नंतर येते.

आधी लॉक, कारण तू त्याच्या जिवावर भांडायला निघालायस. हा सतराव्या शतकातला इंग्रज तत्त्वज्ञ, आणि त्याचं ते 'टू ट्रीटिझेस ऑफ गव्हर्नमेंट' हे पुस्तक १६८९ सालचं. त्याचं म्हणणं असं की देवाने पृथ्वी सगळ्यांना मिळून दिली, पण माणसाचं शरीर आणि त्याच्या हातांचे कष्ट हे ज्याचे त्याचे, मग त्याने झाडाखालचं फळ वेचलं की त्यात त्याचे कष्ट मिसळले आणि ते त्याचं झालं, जमिनीचं पण तसंच, जेवढी कसली, पेरली, वापरली तेवढी त्याची. पटण्यासारखं आहे, मलाही विशीत पटलं होतं. पण लेक्चरमध्ये पुढच्या अटी आल्या तेव्हा बहुतेक तुला झोप लागली असणार. पहिली गोष्ट म्हणजे हे सगळं तो बोलतोय ते कोणाचीच नसलेल्या जमिनीबद्दल. जंगल आहे, माळ आहे, मालक कोणी नाही, तिथे पहिला माणूस कुदळ घेऊन आला. तू कुदळ घेऊन आलास तेव्हा तिथे तुझे बाबा उभे होते आणि सुपारी लागलेली होती. दुसरी गोष्ट, तो म्हणतो तू घेतल्यावर बाकीच्यांसाठी पुरेसं आणि तितकंच चांगलं उरलं पाहिजे. दादासाठी काय उरतं मग? घरामागचा तो दगडाळ तुकडा?

आणि तिसरी गोष्ट, ही मला शिकवतानासुद्धा दर वर्षी खुपायची. त्याच प्रकरणात लॉक सहज लिहून जातो की माझ्या घोड्याने खाल्लेलं गवत, माझ्या नोकराने कापलेली माती आणि मी खणून काढलेलं खनिज, हे सगळं माझं. नोकराने कापलेली! म्हणजे कष्ट नोकराचे आणि मालकी धन्याची, वर मधे घोडा आणि नोकर एकाच ओळीत. आता मला सांग, तुझ्या कुळागरात माडावर कोण चढतं? तू की पाडेली? पावसाच्या आधी बोर्डोची फवारणी करायला पोफळीच्या शेंड्यापर्यंत कोण जातं, कंबरेला दोर बांधून? पाट साफ कोण करतं? तू उभा राहतोस, पैसे देतोस, काळजी करतोस, हे काम आहे, मी नाही म्हणत नाही, पण "ज्याच्या हातांचे कष्ट त्याची जमीन" हे वाक्य तू मोठ्याने म्हणालास तर तुझ्याआधी तो पाडेली हात वर करेल.

१९७४ मध्ये रॉबर्ट नोझिक नावाच्या अमेरिकन माणसाने, जो खाजगी मालकीचा केवढा कैवारी, त्यानेच लॉकला एक खोचक प्रश्न विचारला होता. तो म्हणाला, माझ्याकडे टोमॅटोच्या रसाचा एक डबा आहे, तो मी समुद्रात ओतला आणि रस सगळीकडे मिसळला, तर समुद्र माझा झाला की मी माझा रस वाया घालवला? (आपल्याकडचा असता तर सोलकढी म्हणाला असता.) तुझा पंप आणि नवीन पोफळी हा तुझा रस आहे. तो वाया गेला असं मी म्हणत नाही, तू अकरा वर्षं तिथे काढली नसतीस तर आज ते कुळागर नसतं, रान असतं, आणि दादा कशाचे तीन भाग करणार होता देव जाणे. पण कष्टांनी हिशेब तयार होतो, मालकी आपोआप तयार होत नाही. एक वही घे. पंपाचा खर्च, रोपांचा खर्च, सोडलेल्या नोकरीचा पगार, सगळं लिही. आणि मग समोरच्या पानावर हेही लिही की अकरा वर्षं सुपारी विकली त्याचे पैसे कोणाच्या खात्यात आले, घराला भाडं किती दिलंस (शून्य), बाबा असताना खतांची बिलं कोण भरायचं. दोन्ही पानं भरली की मग दादाला फोन कर. एक पान भरलेली वही घेऊन गेलास तर तो परत इमोजीच टाकेल आणि मी त्याला दोष देणार नाही.

अजून एक, हे तुला आवडणार नाही. लॉकने दोन प्रबंध लिहिले, तू दुसरा ऐकलास. पहिल्यात तो वारशाबद्दल लिहितो आणि तिथे त्याचं म्हणणं असं की आईबापांच्या मालमत्तेवर सगळ्या मुलांचा हक्क असतो, फक्त थोरल्याचा नाही. म्हणजे तुझा वकीलच दादाच्या बाजूने साक्ष देऊन बसलाय.

बरं, आता कुळकायदा. "आजोबांची शेतं फुकटात गेली" हे वाक्य मी इतक्या घरांत, इतक्या ओसऱ्यांवर ऐकलंय की मला त्याची चालसुद्धा पाठ आहे. फुकटात हा शब्द तुझा नाही, तो तू आजोबांकडून वारशात घेतलायस, कायद्यात किंमत ठरवायची सोय होती, ती किती वाटली आणि हातात कधी पडली हा वेगळा विषय. पण त्या कायद्याच्या मागचा विचार काय होता? १९६४ चा कूळ कायदा आणि मग १९७६ ची दुरुस्ती, शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री असताना, ह्या कायद्याने सांगितलं की जो शेत कसतो तो मालक. जो चिखलात उभा राहून लावणी करतो, कापणी करतो, पिढ्यान्‌पिढ्या करत आलाय, त्याची जमीन. पुता, हा तुझाच जॉन लॉक आहे. तोच. फक्त तेव्हा तो लुंगी नेसून शेतात उभा होता आणि तुझे आजोबा गडग्यावर उभे राहून म्हणत होते की कष्ट गेले खड्ड्यात, कागद कोणाच्या नावावर आहे ते दाखवा.

म्हणजे बघ काय झालंय. शेताच्या बाबतीत तुमचं घर म्हणतं, कागद महत्त्वाचा, कष्ट नाही. कुळागराच्या बाबतीत तू म्हणतोस, कष्ट महत्त्वाचे, कागद नाही. आणि मुंडकाराच्या बाबतीत परत कागद. तुझा सिद्धांत असा फिरतो की तो दर वेळी तुझ्याच अंगणात येऊन थांबतो. ह्याला तत्त्वज्ञान म्हणत नाहीत रे. लॉक घ्यायचा असेल तर पूर्ण घे, मुंडकारासकट घे. नाहीतर सोड त्याला.

कागदाचाच मार्ग घ्यायचा तर तोही सोपा नाही हां. नोझिक म्हणतो की माझी मालमत्ता न्यायाची केव्हा, तर ती सुरुवातीला नीट मिळवलेली असेल आणि त्यानंतर हातोहात नीट आलेली असेल, विक्रीने, बक्षिसाने, वारशाने. मधे कुठे फसवणूक किंवा जबरदस्ती झाली असेल तर ती दुरुस्त करावी लागते, हा त्याचा तिसरा मुद्दा, जो त्याचे भक्त घाईत विसरतात. आता तुमचं भाट कुठून आलं? विकत घेतलं असेल तर ज्याच्याकडून घेतलं त्याला कुठून आलं? गोव्यात बऱ्याच भाटांचा कागद मागे मागे नेलास तर तो कोमुनिदादीच्या आफोरामेंतापाशी जाऊन थांबतो, म्हणजे गावकारीची सामाईक जमीन कोणीतरी वर्षाला ठरावीक फोर भरायच्या बोलीवर कायमची घेतली. त्या गावकारीत कोण होतं? गावकर घराण्यांतले पुरुष. त्यांच्या बायका नव्हत्या, आणि जे लोक तीच जमीन खणत होते, पाणी वळवत होते, बांध घालत होते त्यातले बरेचजण नव्हते. मी म्हणत नाही की तुमचं भाट चोरीचं आहे. मी म्हणतेय की कागदाच्या मागे गेलं की शेवटी सगळ्यांनाच कुठेतरी नजर खाली करावी लागते.

रूसोने १७५५ मध्ये लिहिलंय ते माहीत असेल तुला, ज्या पहिल्या माणसाने जमिनीला कुंपण घातलं आणि म्हणाला "हे माझं", आणि ज्याला त्यावर विश्वास ठेवणारी भोळी माणसं भेटली, तिथून सगळा समाज सुरू झाला. लोक हे युरोपचं म्हणून सांगतात, पण आपल्या दीघनिकाय ह्या बौद्ध ग्रंथातल्या अग्गञ्ञ सुत्तात ह्याच्या कितीतरी आधी तीच गोष्ट भाताची म्हणून सांगितलीय. भात आपोआप उगवायचं, लागेल तेवढं न्यायचं, मग एकाला रोज जायचा कंटाळा आला, त्याने सकाळ-संध्याकाळचं एकदम आणलं, दुसऱ्याने दोन दिवसांचं, तिसऱ्याने चार दिवसांचं, मग भात उगवेनासं झालं, मग बांध घातले, मग एकाने दुसऱ्याच्या बांधातलं उचललं, मग मारामारी, आणि मग सगळ्यांनी मिळून एकाला निवडलं की बाबा तू न्याय कर, आम्ही तुला आमच्यातला भाताचा वाटा देतो. भाताची गोष्ट असल्यामुळे मला ती रूसोपेक्षा जवळची वाटते.

आता मुंडकार. तुझ्या आजोबांनी किंवा त्यांच्या वडिलांनी त्या माणसाला तिथे स्वतःच बसवलं असणार, भाट राखायला, पडलेले नारळ कोणी नेऊ नये म्हणून. तो घुसलेला नाही. भाटकाराच्या संमतीने घर करून राहिलेला, हीच कायद्यात मुंडकाराची व्याख्या आहे. आमच्याकडेही होते. चतुर्थीच्या आदल्या दिवशी माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर बांधतात त्या फळाफुलांच्या मांडवीला, कांगलां, घागऱ्यो ही रानफळं आणि नारळाची पेंड (घड) घेऊन सगळ्यात आधी तेच यायचे, आणि आम्ही मुलं ती ओसरीवर मांडायचो, आणि ते लोक खाली पायरीवर बसून चहा प्यायचे. पायरीवर. कप वेगळे. मला हे चौदा-पंधरा वर्षांची होईपर्यंत दिसलंच नाही, रोज समोर असून. एकदा त्यांच्या मुलीने, माझ्याच वर्गातली, मला विचारलं की तुमच्या बाबांनी घराला चिरे लावायला परवानगी दिली नाही म्हणून आम्ही अजून मातीच्या भिंतीत, पावसात ओली होते, तुला माहीत आहे का? मला माहीत नव्हतं. परवानगी! स्वतःच्या घराची भिंत बांधायला.

म्हणून १९७५ चा मुंडकार कायदा आला. त्याने दोन मोठ्या गोष्टी केल्या. मामलेदाराच्या हुकमाशिवाय मुंडकाराला काढता येत नाही, आणि त्याला घर आणि आजूबाजूची जागा किंमत भरून विकत घेता येते, पंचायत भागात साधारण ३०० चौरस मीटर, पालिकेच्या हद्दीत २००. तीनशे मीटर म्हणजे किती रे? तुझ्या पोफळीच्या दोन-तीन ओळी जातील फार तर. एवढ्याला तू "थोपवायचं" म्हणतोस. तुझे कष्ट अकरा वर्षांचे, त्यांचे तीन पिढ्यांचे, आणि तुला पूर्ण कुळागर पाहिजे पण त्यांना अंगण देताना लॉक आठवत नाही.

तर थोपवायचं कसं हे मी सांगणार नाही. सांगता येतं, वकील सांगेल, तारखा पडत राहतील, तुझी मुलं मोठी होतील तरी निकाल नसेल. पण माझ्याकडून नको.

ताईच्या सहीचं बघू. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली, म्हणून जरा लांब बोलते. सोशल कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे समाज हा माणसांनी एकमेकांशी केलेला करार आहे ही कल्पना, हॉब्सने मांडली, लॉकने मांडली, रूसोने १७६२ मध्ये मांडली. (हॉब्सला तुझी केस दिली तर तो म्हणेल कोर्ट देईल ते घ्या आणि गप्प बसा, भांडत राहण्यापेक्षा काहीही बरं, त्याने यादवी युद्ध बघितलं होतं बिचाऱ्याने.) ह्या सगळ्यांचा पाया एकच, संमती. लॉकला विचारलं की मी तर कुठे सही केली नाही, तर तो म्हणतो की तू राजाच्या रस्त्यावरून चाललास ना, मग ती मूक संमती. ह्यावर डेव्हिड ह्यूमने १७४८ मध्ये झकास उत्तर दिलं. झोपेत असताना एका माणसाला उचलून जहाजावर ठेवला, जहाज भर समुद्रात आहे, आता उठल्यावर तू त्याला म्हणणार की तुला कप्तान पसंत नसेल तर मार उडी, आणि तो उडी मारत नाही म्हणजे त्याची संमती आहे?

आपल्याला गोव्यात निदान एकदा खरोखर विचारलं गेलं. १६ जानेवारी १९६७, ओपिनियन पोल. महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर फूल, वेगळं राहायचं तर दोन पानां. मी लहान होते, आमच्या घरावर फूल, समोरच्या घरावर दोन पानां, आणि दोन्ही घरांची विहीर एकच. वेगळं राहायच्या बाजूने १,७२,१९१ मतं पडली आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. आमचे आजोबा आठवडाभर कोणाशी बोलले नाहीत, पण आठव्या दिवशी त्याच विहिरीवर गेले. हरलेल्यांनी ते का मानलं? कारण विचारायची पद्धत आधी सगळ्यांना ठाऊक होती. रूसो हेच म्हणतो की बहुमताने ठरवायचं असेल तर आधी निदान एकदा सगळ्यांचं एकमत पाहिजे की बहुमताने ठरवूया. पद्धतीवर एकमत, मग निकालावर भांडण झालं तरी चालतं.

आता ताई. बाबा गेल्यावर मीसुद्धा सही केलीय. नोटरीच्या टेबलाशी, भावाने आणलेला चहा समोर, कागदावर बोट ठेवून वकील म्हणाला इथे, इथे आणि मागे एक. मी वाचलंसुद्धा नाही, मी, जी कॉलेजात संमतीवर दोन दोन तास बोलायची. का केली? कारण आई दाराशी उभी होती आणि माहेरचं दार उघडं राहायला हवं होतं. कोणी जबरदस्ती केली नाही. विचारलं असतं तर मीही म्हणाले असते, मला काय नको. आणि नंतर दहा वर्षं प्रत्येक चतुर्थीला त्या घरात पाहुणी म्हणून पाट मांडून घेताना मला त्या चहाची चव आठवायची. ह्यूमच्या जहाजावरचा माणूस मला तेव्हा कळला, शिकवताना नव्हता कळला.

गंमत बघ, गोव्यात मुलीला वाटा मिळतो तो आजचा नाही. पोर्तुगीज सिव्हिल कोड १८६७ चं, इथे १८७० पासून, मुक्तीनंतरही तेच चालू राहिलं आणि त्यात मुलगा-मुलगी सारखे. बेळगावात तुझ्या ताईच्या नणंदांना वडिलोपार्जितात जन्माने मुलाइतका हक्क मिळायला बराच काळ जावा लागला, कर्नाटकात तो कायदा १९९४ ला आला आणि देशभर २००५ मध्ये. म्हणजे आपण शंभर वर्षं पुढे, आणि तरी हक्कसोडीचे कागद काय कमी होत नाहीत. १९७१ मध्ये जॉन रॉल्स ह्या अमेरिकन तत्त्वज्ञाने न्यायावर केवढं मोठं पुस्तक लिहिलं, आणि त्यातही करार करायला बसलेली माणसं कोण, तर कुटुंबप्रमुख. सूझन ओकिन नावाच्या बाईने १९८९ मध्ये त्याला हेच विचारलं, की घराच्या आतला न्याय मग कोण बघणार? म्हणून ताईला सही मागायच्या आधी वाट्याची किंमत काढ, आकडा सांग, आणि म्हण की तुझा आहे, घे किंवा दे, पण तीन महिन्यांनी सांग. तेव्हाही ती नको म्हणाली तर ते तिचं नको. आणि भावोजींचीही सही लागणार आहे हे लक्षात ठेव, तशीच वहिनीची आणि तुझ्या बायकोची, आपल्याकडे लग्नाने मालमत्ता दोघांची होते. तुझ्या पत्रात बायकोचा उल्लेखच नाही. अकरा वर्षं कुळागराच्या माणसांना चहा कोण करतंय?

आणि आता ते तीन शब्दांचं वाक्य. आईबाबांनी लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, आणि त्या पिढीत कोण करतो, तर निम्मं कुळागर आईचं आहे. बाबांकडून वारशाने नाही, तिचं स्वतःचं, ते आधीपासून होतं. वाटायचं आहे ते फक्त बाबांचं निम्मं, आणि मृत्युपत्र नसेल तर त्याचे तीन भाग, म्हणजे तुम्हा प्रत्येकाला सहावा हिस्सा. दादाचे "तीन सारखे भाग" पण चूक आणि तुझं "सगळं माझं" तर चूकच चूक. तुम्ही दोघे भाऊ तिच्या ताटातलं वाटून घेताय आणि ती आत पेजेला तांदूळ धुतेय. हे सगळं एकदा चांगल्या वकिलाकडून कागदासकट बघून घे, मी मास्तरीण आहे, वकील नाही.

रॉल्सची एक युक्ती मात्र तुम्हाला उपयोगी पडेल, जरी त्याने ती अख्ख्या समाजाच्या रचनेसाठी मांडली होती, घरच्या वाटणीसाठी नाही, आणि मी ती जरा वाकवतेय. तो म्हणतो, नियम ठरवताना असा पडदा धरा की आपण स्वतः कोण होणार आहोत ते आपल्याला माहीत नाही. तर सहा चिठ्ठ्या कर. आई, दादा, ताई, तू, तुझी बायको, आणि मुंडकाराचा मुलगा. नाव वाचायच्या आधी वाटणीचा नियम कागदावर लिही, मग चिठ्ठी उचल. मुंडकाराच्या मुलाची चिठ्ठी निघाली तर तो नियम तुला चालतो का? ताईची निघाली तर? खोटं वाटेल पण मी हे वर्गात करायची, आणि भाटकारांची मुलं मुंडकाराची चिठ्ठी निघाली की हमखास म्हणायची, मॅडम, परत एकदा टाकूया.

इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टातून वारसांची वाटणी, घालायची घाई करू नकोस. कोर्टात गेलं आणि पटलं नाही की वारसांमध्येच बोली लागते, आणि बोलीत पुण्याचा आयटीचा पगार जिंकणार, तुझी सुपारी नाही. तिथे कष्टांना कोणी विचारत नाही. घरी बसून, आधी वाटायची पद्धत सगळ्यांनी मिळून ठरवून, मग दोन्ही पानं भरलेली वही मधे ठेवून बोललात तर तुला कुळागर कसायला मिळू शकतं, बाकीच्यांना वर्षाला पैसे देऊन. दादाला पोफळी नकोच आहेत रे, त्याला आपला हिस्सा मान्य झालेला पाहिजे आहे.

आणि येत्या रविवारी टेप घेऊन वर मुंडकाराच्या घरी जा. दुसरं टोक धरायला त्याच्या मुलालाच सांग. घर, गोठा, मागची न्हाणी, तुळस, सगळं आत घेऊन माप, खुणेला चिरे ठेव, आणि त्यांनी चहा विचारला तर आत बसून पी. जाताना आईला बरोबर ने. तिच्या जमिनीवर तू माप घेणार आहेस, तिला विचारल्याशिवाय कसं चालेल. ती काय म्हणाली ते मात्र मला नक्की कळव.

तुझी,
मावशी